आयते बीळ : बंदिवासातील सापाच्या आडोशाचा इतिहास

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण दुसऱ्याच्या कष्टांवर हक्क सांगणाऱ्या माणसासाठी वापरली जात असली, तरी तिच्यातील सापाविषयीचे निरीक्षण आजच्या प्राणिशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे. नागाला बीळ खणता येत नाही, कारण त्याला पाय नाहीत आणि त्याचे मुस्कट माती उकरण्यासाठी घडलेले नाही. म्हणून तो उंदरा-घुशींनी पोखरलेल्या बांधात, वाळवीने उभारून सोडून दिलेल्या वारुळात, पडक्या भिंतीच्या सांदीत किंवा गंजीखाली राहतो. घोणस, मण्यार, धामण यांचीही हीच रीत आहे, कोकणातले फुरसे जांभ्या दगडाखालची चपटी पोकळी धरून बसते, आणि अजगरासारखा मोठा साप राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात साळिंदरांनी खणलेल्या बिळांत आसरा घेतो. भुसभुशीत मातीत स्वतः शिरणारे मांडूळ आणि पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे रचणारी नागराजाची मादी हे अपवाद सोडले, तर आपल्याकडील बहुतेक परिचित साप आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहतात. त्यामुळे माणसाने साप पकडून आपल्याजवळ ठेवायचे ठरवले त्या क्षणी, त्याच्या ध्यानात आले असो वा नसो, सापाला आयते बीळ करून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. ही जबाबदारी निरनिराळ्या काळांत कोणत्या वस्तूंनी आणि किती प्रामाणिकपणे पार पाडली गेली, याचा मागोवा येथे घेतला आहे.

बंदिवासातील साप ज्यात किंवा ज्याखाली लपतो त्या लहान, अंधाऱ्या, बंदिस्त जागेला सर्पोद्यानांत आणि साप पाळणाऱ्यांत ‘हाइड’ किंवा ‘हाइड बॉक्स’ म्हणतात. या लेखात तिच्यासाठी ‘आडोसा’ हा जुना मराठी शब्द वापरला आहे. आडोशाची गरज सापाच्या शरीररचनेतूनच येते. सापाला पापण्या नसतात, त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि तो फक्त कात टाकताना कातीबरोबर निघतो; म्हणजे उजेड आणि हालचाल यांपासून सुटका हवी असेल, तर डोळे मिटणे हा उपाय त्याला उपलब्ध नाही, त्याला अंधारातच जावे लागते. दुसरे असे की सापाला सुरक्षितता स्पर्शातून कळते. वेटोळे घातल्यावर पाठीला आणि कुशींना चहूबाजूंनी भिंत लागली, तरच तो स्वस्थ बसतो, आणि म्हणून ऐसपैस पेटीपेक्षा अंगाबरोबरची पोकळी त्याला अधिक मानवते. असा आडोसा न मिळालेला साप अन्न नाकारतो, पिंजऱ्याच्या कडेकडेने अखंड फिरत राहतो आणि काचेवर किंवा जाळीवर मुस्कट घासून घासून ते रक्ताळून घेतो. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन धोका जाणवताच शरीराचा चेंडू करून डोके आत दडवतो, तेव्हा तो एका अर्थी स्वतःच्याच देहाचा आडोसा करत असतो.

भारतात सापाला ठेवण्याचे सर्वांत जुने ज्ञात साधन म्हणजे गारुड्याची टोपली, आणि तिचे उल्लेख संस्कृत वाङ्मयात सहजपणे येतात, यावरून ती तेव्हाही सर्वांच्या ओळखीची असली पाहिजे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात अमात्य राक्षसाचा हेर विराधगुप्त ‘जीर्णविष’ या नावाने आहितुंडिकाच्या, म्हणजे गारुड्याच्या, वेषात शत्रूच्या नगरातील बातमी घेऊन येतो. टोपल्या बाळगणारा गारुडी कोणत्याही रस्त्यावर खपून जातो, म्हणूनच हेराला ते सोंग सोयीचे ठरते. भर्तृहरीच्या ‘नीतिशतका’तला दाखला याहून बोलका आहे. करंड्यात शरीराचा गोळा होऊन पडलेला, उपासाने इंद्रिये थकलेला आणि आशा सोडून दिलेला एक साप आहे. रात्री एक उंदीर करंड्याला भोक पाडतो आणि नेमका त्या सापाच्याच तोंडी जातो, आणि त्याला खाऊन तृप्त झालेला साप त्याच भोकातून निसटतो. कवीला यातून दैवाचे सामर्थ्य दाखवायचे आहे, तरीही टोपलीतल्या सापाची अवस्था त्याने जवळून पाहिली असावी असे वाटते, कारण दाबून बसवलेले अंग, उपासमार आणि खचलेपण या तिन्ही गोष्टी पुढच्या शतकांतील गारुड्यांच्या टोपल्यांतही तशाच आढळतात. मुक्तीचा मार्गही येथे उंदरानेच खणलेला आहे, म्हणजे सुभाषितातला सापसुद्धा आयत्या बिळातूनच बाहेर पडतो.

ही टोपली बांबूच्या कामट्यांची किंवा वेताची, गोल, चपटी आणि घट्ट झाकणाची असते. महाराष्ट्रात बांबूच्या कामट्यांचे विणकाम हा बुरूड समाजाचा परंपरागत व्यवसाय असून सूप, टोपली, करंडी या घरगुती वस्तूंचीच वीण गारुड्याच्या टोपलीतही दिसते. वस्तू म्हणून तिच्यात गुण पुष्कळ आहेत: ती हलकी असते, एकावर एक रचून कावडीने वाहता येते, विणीच्या फटींतून हवा खेळते, आत पुरेसा अंधार राहतो, आणि झाकण उचलताच नाग फणा काढून उभा राहतो. हा शेवटचा गुण खेळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. अंधारातून एकाएकी उजेडात आल्याने भेदरलेला नाग बचावासाठी फणा काढतो आणि समोर हलणाऱ्या पुंगीचा रोख धरून डोलतो. प्रेक्षक ज्याला संगीतावरचे नृत्य समजत आले, ते प्रत्यक्षात आडोसा अचानक हिरावून घेतल्यावरचे भय आहे. टोपलीत अंधार होता, अंगाला भिंत होती, तरी तिला आडोसा म्हणता येत नाही, कारण तिचे झाकण केव्हा उघडायचे हे साप ठरवत नव्हता. ज्यात साप आपल्या मर्जीने शिरतो आणि ज्यातून आपल्या मर्जीने बाहेर येतो तो आडोसा, आणि ज्यात त्याला कोंबले जाते ती कोठडी. हा भेद मनाशी ठेवला, की या इतिहासातल्या सगळ्या वस्तूंचे मोल नीट करता येते.

टोपलीतल्या सापांचे हाल येथे स्पष्ट सांगितले पाहिजेत, कारण सणाच्या गोडव्याखाली ते बराच काळ झाकले गेले. विषाचे दात उपटणे, विषग्रंथींना इजा करणे, काही वेळा तोंड शिवणे, आणि नागपंचमीला दूध ‘प्यावे’ म्हणून आधीचे कित्येक दिवस पाणी न देता टोपलीत कोंडून ठेवणे, हे प्रकार प्राणिरक्षकांनी वारंवार उघडकीस आणले आहेत. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो, पण दूध पचवणे त्याच्या शरीराला शक्य नसते, आणि अशा सापांपैकी बरेचसे सण संपल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा आल्यावर साप बाळगण्यावर आणि त्यांचे खेळ करण्यावर बंधने आली आणि गारुड्याचा धंदा बेकायदा ठरत गेला. राजस्थानातील कालबेलियांसारख्या समाजांची उपजीविका यात बुडाली, हे दुःख खरे आहे. पण त्यामुळे टोपलीत मेलेल्या सापांचे दुःख खोटे ठरत नाही.

टोपलीच्या तुलनेत मडक्याचा इतिहास कमी लिहिला गेला आहे, आणि तो अधिक मोलाचा आहे. सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव, जे बत्तीस गावांचे मुख्य ठिकाण म्हणून ‘बत्तीस शिराळा’ या नावाने ओळखले जाते, नागपंचमीच्या जिवंत नागपूजेसाठी प्रसिद्ध होते. या प्रथेचा आरंभ तेथील लोकपरंपरा गोरक्षनाथांशी जोडते. सणाच्या आधी गावातील तरुणांच्या तुकड्या शेताचे बांध, ओढ्यांचे काठ आणि वारुळे धुंडाळून नाग धरीत, ते मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधीत, आणि पंचमीला घरोघरी पूजा झाल्यावर अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक निघे. नाग जेथून आणला तेथेच परत सोडण्याचा रिवाज होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या या मिरवणुकीचे जुने रूप बंद पडले. मिरवणुकीतील गोंगाट, हाताळणी आणि स्पर्धा यांमुळे नागांना होणारा त्रास पाहता तो निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. परंतु त्या प्रथेतले मडके हे सापाच्या गरजेची जाण दाखवणारे साधन होते, हेही तितकेच खरे आहे.

ही जाण कशात आहे, ते मडके हाताशी घेऊन पाहिल्यास उमगते. कुंभाराने चाकावर घडवून भट्टीत भाजलेल्या, झिलई न दिलेल्या मडक्याची भिंत सच्छिद्र असते. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओलसर मडक्याच्या आतली हवाही थंड राहते, कारण भिंतीतून झिरपणारा ओलावा बाहेरच्या बाजूला वाफ होताना उष्णता घेऊन जातो. मडक्याचे पोट गोल असल्यामुळे आत वेटोळे घातलेल्या सापाला कुशीला भिंत लागते आणि मुस्कट घासायला कोपरा सापडत नाही. तोंड लहान असल्याने आत काळोख राहतो, आणि तोंडावर बांधलेल्या सुती फडक्यातून हवा जाते पण उजेड फारसा जात नाही. वारुळाच्या आत साप जे शोधतो, म्हणजे गारवा, किंचित ओल, काळोख आणि अंगालगतची माती, ते सगळे या एका भांड्यात आहे. आणि याचे आश्चर्य वाटू नये, कारण दोन्ही शेवटी मातीचीच घरे आहेत. अशी भांडी घडवणाऱ्या कुंभाराने सापाचा विचार केलेला नसतो, तो पाण्याचा आणि धान्याचा विचार करतो, पण मातीचा गुण दोन्हीकडे एकच असतो.

या मडक्याचा सर्वांत शिस्तबद्ध वापर तमिळनाडूत झाला. इरुळा हा तेथील आदिवासी समाज माग काढण्यात आणि साप धरण्यात पिढ्यान् पिढ्या निष्णात असून एके काळी सापांच्या कातड्याच्या व्यापारावर त्याची गुजराण होत होती. वन्यजीव कायदा आणि त्यापाठोपाठची कातड्यांच्या निर्यातीवरील बंदी यांमुळे तो व्यापार संपला, तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळा सर्पग्राहकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी वडनेम्मेली येथे तिचे काम सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे साप परवान्याने पकडायचे, त्यांचे विष काढून प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, तयार करणाऱ्या कंपन्यांना पुरवायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचे, असा हा व्यवसाय आहे. येथे प्रत्येक साप मातीच्या मडक्यात राहतो. तळाशी वाळू असते, तोंडाला सुती कापड दोरीने आवळलेले असते, आणि कोणता साप कधी आला याची नोंद ठेवलेली असते. साप सुमारे तीन-चार आठवडे ठेवतात, त्या मुदतीत आठवड्याच्या अंतराने विष काढतात, आणि सोडण्यापूर्वी पोटाकडचा एक खवला किंचित कातरून खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला गेला तर ओळखता येतो. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पग्राहकांना पद्मश्री मिळाली, तेव्हा एका समाजाच्या ज्ञानाला उशिरा का होईना मान मिळाला.

वर केलेला भेद लावला, तर वडनेम्मेलीचे मडकेही आडोसा ठरत नाही, कारण त्याचे तोंड बाहेरून बांधलेले असते. मात्र ते टोपलीइतके निष्ठुरही नाही: मुक्काम थोडा आहे, सुटका ठरलेली आहे, दात शाबूत आहेत, आणि आतली जागा सापाच्या सवयीची आहे. धर्मशाळा आणि तुरुंग यांत जे अंतर असते, तेवढे अंतर येथे मान्य करावे लागते.

सापाच्या मर्जीवर सोडलेला आडोसा मोठ्या प्रमाणावर उभारण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्राझीलमधले आहे. साओ पाउलो येथे १९०१ मध्ये स्थापन झालेल्या आणि विताल ब्राझील यांच्या संचालकत्वाखाली नावारूपाला आलेल्या बुतांतान संस्थेत, प्रतिसर्पविषासाठी लागणारे साप उघड्या आवारात ठेवण्याची पद्धत होती. बुटकी भिंत आणि तिच्या आत पाण्याचा चर यांनी वेढलेल्या हिरवळीवर घुमटाच्या आकाराची छोटी पक्की घरे बांधलेली होती, आणि त्यांच्या बुडाशी ठेवलेल्या भोकांतून साप उन्हाच्या वेळी आत जात आणि हवे तेव्हा बाहेर येत. दुरून पाहणाऱ्याला ती वारुळांची वसाहतच वाटावी. तिचे दार बाहेरून बंद करण्याची गरज नव्हती, कारण अडवणूक भिंतीने केली होती आणि घर सापाच्या ताब्यात राहिले होते.

युरोपातील प्राणिसंग्रहालयांनी मात्र आरंभी उलटी वाट धरली. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८४९ साली सुरू झालेले सर्पगृह हे सार्वजनिक प्राणिसंग्रहालयातले पहिले मानले जाते, आणि तेथे दर्शनी काचेला प्राधान्य होते, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला साप दिसला पाहिजे होता. थंड देशात अजगरजातीच्या सापांना ऊब आणि लपण्याची जागा म्हणून घोंगडी दिली जात. १८५० च्या सुमारास तेथील एका बोआ सापाने ते घोंगडेच गिळले आणि काही आठवड्यांनी ओकून टाकले, ही हकिकत त्या काळी बरीच गाजली. आडोसा कशाचा असावा, याचा विचार तोवर कोणी गंभीरपणे केला नव्हता, हेच या प्रसंगावरून दिसते. १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या सर्पगृहात जोन प्रॉक्टर या विदुषीने पिंजऱ्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे तापमान राखण्याची विजेची योजना केली, आणि सापाला ऊन-सावलीची निवड प्रथमच नीट मिळाली. त्यानंतर स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात बंदिवासातील प्राण्यालाही माणसापासून दूर सरकण्याची आणि दृष्टीआड होण्याची सोय असलीच पाहिजे, हा विचार शास्त्राच्या पायावर मांडला. न दिसणारा प्राणी म्हणजे वाया गेलेला पिंजरा, ही समजूत या विचाराने खोडून काढली.

इकडे भारतात, मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा पुढे प्रतिसर्पविषाचेही केंद्र बनली. तेथे काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये निघाले आणि सर्पविषयक ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. सर्पोद्यानांची चळवळ त्यानंतरची. चेन्नईच्या गिंडी भागातील सर्पोद्यान १९७२ मधले, आणि पुण्याचे कात्रज येथील सर्पोद्यान १९८६ मधले, ज्याच्या उभारणीत नीलिमकुमार खैरे यांचा पुढाकार होता. भारतीय सर्पोद्यानांच्या खंदकांत आणि काचघरांत आजही आडवी टाकलेली किंवा पालथी घातलेली मडकी, फुटके रांजण आणि कौले दिसतात, आणि हीच या इतिहासातली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे: मडके तेच राहिले, फक्त त्याच्या तोंडावरचे फडके सुटले.

आडोसा प्रत्यक्ष करण्याचे शास्त्र आज बरेच निश्चित झाले आहे, आणि ते अवघड नाही. सापाचे वेटोळे जेमतेम मावेल एवढी पोकळी, एकच लहान दार, आणि कलंडून अंगावर न पडेल असे वजन, या मुख्य अटी. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखू शकत नाही, म्हणून पिंजऱ्याच्या उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक असे दोन आडोसे लागतात; एकच ठेवला, तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावे लागते, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडून पचन बिघडवून घेतो. कात टाकण्याच्या सुमारास, डोळे दुधाळ दिसू लागले की, आत ओले शेवाळ घातलेला तिसरा आडोसा दिल्यास कात अखंड निघते. हवा कोरडी असली तर ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे खवले अडकून राहतात. कॉर्क ओकची साल, प्लॅस्टिकचे डबे, पोकळ ओंडके अशा अनेक वस्तू परदेशात वापरल्या जातात. भारतात देशी जातींचे साप परवान्याविना बाळगणे हा गुन्हा असल्याने हे ज्ञान मुख्यतः सर्पोद्यानांच्या, प्राणिसंग्रहालयांच्या आणि जखमी सापांवर उपचार करणाऱ्या केंद्रांच्या उपयोगाचे आहे. बॉल पायथनसारख्या विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्रातील सर्पमित्रांनी, म्हणजे घरांत शिरलेले साप पकडून रानात सोडणाऱ्या स्वयंसेवकांनी, या जुन्या जाणिवेचा एक नवा उपयोग केला आहे. प्लॅस्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा घेऊन त्याच्या एका टोकाला जाड सुती पिशवी बांधतात आणि दुसरे टोक भिंतीलगत सापासमोर धरतात. घाबरलेल्या सापाला त्या पाइपचे तोंड बिळासारखे दिसते आणि तो आपण होऊन आत शिरतो; मानेला हात लावावा लागत नाही, चिमट्याने बरगड्या दाबल्या जात नाहीत, आणि पकडणाराही सुरक्षित राहतो. साप पिशवीत उतरल्यावर पाइप काढून पिशवीचे तोंड बांधतात, ती सावलीत ठेवतात, आणि सोडताना बांधाजवळ किंवा वारुळाजवळ जमिनीवर आडवी ठेवून तिचे तोंड मोकळे करून मागे सरतात. बरेचसे साप लगेच बाहेर येत नाहीत. पिशवीतल्या अंधारात काही वेळ थांबून, जीभ बाहेर काढून हवेचा अंदाज घेतात, आणि मग जवळच्या उंदराच्या बिळात निघून जातात.